दात चुकला की वेळ चुकते

पावसाळा सरला, भात कापून झाले, की मिठबावच्या वायंगणात भाजीची लगबग सुरू होते. मुळा, लाल माठ, चवळी, मिरची, वाल. देवगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर पाऊस भरपूर, पण तो गेला की वरच्या मळ्यात पाणी चढवावेच लागते. आमच्या थोरल्या बंधूंच्या मळ्यापर्यंत विजेचे खांब आलेले नाहीत. व्हाळातले पाणी उपसायला पाच हॉर्सपॉवरचे जुने डिझेल इंजिन आहे. त्यावर बंधूंचा मळा तर भिजतोच, शिवाय वाडीतल्या आणखी तीन घरांना पाळीपाळीने पाणी मिळते. म्हणजे हे इंजिन बंद पडले की चार घरांची भाजी सुकते आणि आचऱ्याच्या, देवगडच्या बाजारात जाणाऱ्या चार टोपल्या रिकाम्या राहतात.

गेल्या हंगामात आम्ही दोन दिवसांची रजा जोडून गावी गेलो, तेव्हा हे इंजिन खळ्यात ताडपत्रीवर उभे होते आणि त्याच्यापुढे आमचा पुतण्या डोक्याला हात लावून बसला होता. इंजिन धूर टाकायला लागले, तेल खायला लागले, म्हणून त्याने ते घरीच पूर्ण उघडले होते. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, गॅस्केट, सगळे नवे. व्हॉल्व्ह स्वतः घासून बसवले. सामानाला सात हजारांच्या वर खर्च आला, मजुरी तेवढी वाचली. पण पाच दिवस झाले, इंजिन काही धरत नव्हते. हँडल मारले की फुसफुस करून पांढरा धूर सोडी, दोन-चार ठोके देई आणि गप्प होई.

"काका, सगळा नवीन घातलंय, तरी सुरू होणा नाय," पुतण्या म्हणाला. "आता फ्युएल पंपच बदलतंय."

नव्या पंपाचे आणखी काही हजार. वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, तुमीच काय ता सांगा. शेजारचे म्हणतत, दिष्ट लागली, गाऱ्हाणा घाला."

वाचकहो, आम्ही पडलो कारकून. आयुष्य आकडेमोडीत गेले. पण गेली काही वर्षे घरच्या घरी यंत्रे उघडणाऱ्या अनेक तरुणांबरोबर बसण्याचा योग आला आहे आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. इंजिनाला दृष्ट लागत नाही, त्याचा दात चुकतो. आणि दात चुकला की वेळ चुकते. ही चूक कशी शोधायची, हे आज सविस्तर सांगणार आहोत. आपल्या वस्तीत कुणाकडे पाण्याचे इंजिन आहे, कुणाची रिक्षा, कुणाची मोटारसायकल. पोट त्यावर चालते. तेव्हा हा विषय कुणालाच परका नाही.

आधी वेळ म्हणजे काय ते पाहू. चार स्ट्रोकच्या डिझेल इंजिनात पिस्टन खाली जाताना इनलेट व्हॉल्व्हमधून हवा आत येते. पिस्टन वर येताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि हवा दाबली जाते, इतकी की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते. पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडे आधी पंप डिझेलचा बारीक फवारा आत सोडतो, तो त्या तापलेल्या हवेने पेटतो आणि पिस्टनला खाली ढकलतो. मग एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून धूर बाहेर. यात खालच्या क्रँकचे दोन फेरे होतात, पण व्हॉल्व्ह आणि पंप चालवणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच फेरा होतो. म्हणून कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरपेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. हे दोन गिअर एकमेकांत कोणत्या दातावर अडकवले, यावर सगळी वेळ अवलंबून.

आता थोडा हिशेब करू. आमच्या इंजिनाच्या क्रँक गिअरला २८ दात. एका फेऱ्याचे ३६० अंश, भागिले २८, म्हणजे एक दात जवळजवळ १३ अंशांचा. या इंजिनाच्या पुस्तकात लिहिले आहे की पिस्टन वर पोचण्याच्या २३ अंश आधी डिझेल सुटले पाहिजे. एक दात मागे पडला की २३ चे १० उरतात. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात हा १३ अंशांचा फरक म्हणजे एका सेकंदाचा सुमारे सातशेवा भाग. इतक्याशा उशिराने इंजिन धरत नाही. लायनर कितीही नवा असला तरी तो काय करणार?

कचेरीत तेरीज जुळली नाही तर नवा कारकून काय करतो? सगळी किर्द पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतो. जुना कारकून तसे करत नाही. तो आधी विचारतो, कालपर्यंत जुळत होते ना, मग आज कुठे कुठे हात लागला? दुसरे, तो फरकाकडे नीट पाहतो. फरकाला नऊने भाग गेला तर आकडे उलटसुलट पडले असतील, पंचेचाळीसचे चोपन्न झाले असतील. चूक आपली ओळख मागे ठेवून जाते. इंजिनाचेही तसेच आहे.

म्हणून पुतण्याला पहिला प्रश्न विचारला, उघडण्यापूर्वी फ्युएल पंप चालत होता ना? हो. नोजल? हो. मग जे चालत होते ते बदलण्यात पैसे का घालायचे? तुझा हात कुठे कुठे लागला ते लिही. त्याच्या धाकट्या बहिणीने वही आणली आणि यादी केली. लायनर, पिस्टन, हेड, व्हॉल्व्ह, टॅपेट, क्रँक, कॅमशाफ्ट, गिअर. चूक असली तर या यादीतच असणार.

दुसरी गोष्ट धुराची. पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल. ते उशिरा सुटते आहे, किंवा हवा पुरेशी दाबली जात नाही. गॅस्केटमधून पाणी आत जात असेल तरी पांढरी वाफ येते, पण मग टाकीतले पाणी कमी होते आणि तेल दुधाळ दिसते. काळा धूर म्हणजे हवा कमी, भार जास्त किंवा नोजल खराब. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. आमच्या इंजिनाचा धूर पांढरा आणि त्याला डिझेलचा उग्र वास. पाणी जिथल्या तिथे. तेव्हा संशय वेळेवर.

तपासणीला हात घालण्यापूर्वी हँडलविषयी दोन शब्द. हे आम्ही प्रत्येक घरात सांगतो, इथेही सांगितले. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीसारखा पलीकडून गुंडाळू नये. वेळ चुकलेले इंजिन कधी कधी उलटा झटका देते. अंगठा गुंडाळलेला असेल तर मनगट मोडते. झटका आला तर हँडल हातातून निसटले पाहिजे. आणि डिकॉम्प्रेशनचा खटका उचलल्याशिवाय, म्हणजे दाब सोडल्याशिवाय, जोर लावू नये. पुतण्या हसला. "काका, पाच दिवस हँडल मारतंय, अजून काय झाला नाय." आम्ही म्हटले, झाले नाही हे नशीब नव्हे, इंजिन अजून धरत नाही म्हणून झाले नाही. अंगठा बदल.

आता पहिली तपासणी. हिला पाना लागत नाही, काही उघडावे लागत नाही, फक्त रॉकरवरचे झाकण काढायचे. डिझेलचा कॉक बंद करायचा आणि मोठे चाक हाताने, इंजिन फिरते त्याच दिशेने, सावकाश फिरवायचे. दोन्ही रॉकरवर डोळा ठेवायचा. एग्झॉस्टचा रॉकर खाली दबतो, मग वर यायला लागतो. तो वर येत असतानाच इनलेटचा रॉकर खाली जायला लागतो. सी-सॉच्या फळीवर एक पोर उतरते आणि दुसरे बसते तसे. पाण्याच्या पंपाच्या बहुतेक इंजिनांत ही अदलाबदल पिस्टन अगदी वर असतानाच, चाकावरच्या वरच्या खुणेच्या आसपास होते. खूण काट्यासमोर आणि अदलाबदलही त्याच वेळी, तर गिअर बरोबर बसले आहेत. अदलाबदल खुणेच्या बऱ्याच आधी किंवा नंतर झाली, तर दात चुकला.

चाक पुतण्या फिरवत होता, रॉकरकडे पाहायला त्याची बहीण. खूण काट्यासमोर आली. ती म्हणाली, "थांब, एग्झॉस्ट अजून दाबलेलो आसा. इनलेट हललोच नाय." आणखी थोडे चाक फिरवले तेव्हा कुठे अदलाबदल झाली. तोवर खूण काट्यापासून पाच सेंटिमीटर पुढे गेली होती.

हे पाच सेंटिमीटर म्हणजे किती अंश? चाकाला सुतळी गुंडाळली, घेर मोजला. १४४ सेंटिमीटर. भागिले ३६०, म्हणजे एका अंशाला ४ मिलिमीटर. पाच सेंटिमीटर म्हणजे साडेबारा अंश. आणि एक दात १३ अंशांचा. नऊने भाग गेलेल्या फरकासारखीच ही ओळख. एक दात मागे!

गिअरचे झाकण उघडले. क्रँकच्या गिअरवर एका दातावर ठिपका असतो, कॅमच्या गिअरवर दोन दातांवर. एका ठिपक्याचा दात त्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये बसला पाहिजे. पण वीस वर्षांच्या जळक्या तेलाने ठिपके बुजून गेले होते. पुतण्याने कॅमच्या गिअरवरचा एक जुना ओरखडा खूण म्हणून धरला होता. रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर खरे ठिपके शेजारी दिसू लागले. पोराची मेहनत सगळी चांगली, फक्त खूण खोटी निघाली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आणखी एखादा दात चुकला असता तर प्रकरण धूर आणि धापेवर थांबले नसते. डिझेल इंजिनात पिस्टन वर असताना त्याच्यात आणि हेडमध्ये फार थोडी जागा असते. व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडा राहिला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतो, पुशरॉड वाकतो, कधी पिस्टनच फुटतो. म्हणून इंजिन बांधून झाले की हँडल मारण्यापूर्वी ते हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावे. दोन, कारण चार स्ट्रोक दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. कुठे धातूवर धातू अडल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे. तेथे जोर करणे म्हणजे आपले सामान आपणच मोडणे.

गिअर सरकवायचा तर पुशरॉड काढावे लागले, फ्युएल पंप उतरवावा लागला. दुपार त्यात गेली. संध्याकाळी सगळे परत बसले, टॅपेटची फट लावली. टॅपेटबद्दलही एक सूचना. चाकावरची वरची खूण दोन फेऱ्यांत दोनदा काट्यासमोर येते. एकदा हवा दाबली जाऊन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात तेव्हा, आणि एकदा वर सांगितलेली अदलाबदल चालू असते तेव्हा. फट लावायची ती पहिल्या वेळी. दोन्ही रॉकर बोटाने हलले पाहिजेत. अदलाबदलीच्या वेळी फट लावली तर व्हॉल्व्ह पुरता उघडणारच नाही, इंजिन खडखड करील आणि आपण म्हणू वेळ चुकली. जमेची रक्कम नावे बाजूला लिहिण्याचाच हा प्रकार. रक्कम बरोबर, बाजू चूक.

एअर काढली, डिझेल नळीत आणले, पुतण्याने हँडल मारले. इंजिन पहिल्या झटक्यात धरले! पण आमचा आनंद दोन मिनिटेही टिकला नाही. दगडावर घण पडावा तसा ठोका येऊ लागला. बंद करून पुन्हा हँडल मारले तर इंजिनाने उलटा झटका दिला, हँडल पुतण्याच्या हातातून सुटून खणकन खळ्यात पडले. तळहात लाल झाला. मनगट शाबूत राहिले, कारण अंगठा बोटांच्या बाजूला होता. तो काही बोलला नाही. वहिनी मात्र दारातच खाली बसल्या.

पांढरा धूर म्हणजे उशीर. कठीण ठोका आणि उलटा झटका म्हणजे घाई. सकाळी उशीर होता, संध्याकाळी घाई कुठून आली? आम्ही पुतण्याला विचारले, यादीत लिहिलेस त्याशिवाय आणखी कुठे हात लावलास? तो जरा घुटमळला. मग म्हणाला, तिसऱ्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या एकाने सांगितले, पंपाखालचे पातळ पत्रे काढ, डिझेल लवकर सुटेल. त्याने दोन पत्रे काढले, इंजिन जरा जास्त खोकले, म्हणून तसेच ठेवले. पत्रे डब्यात होते.

हिशेबात हिला भरपाईची चूक म्हणतात. एकीकडे शंभर जास्त, दुसरीकडे शंभर कमी, तेरीज जुळल्यासारखी दिसते आणि दोन्ही चुका आत झाकून राहतात. इथे दाताने १३ अंश उशीर केला होता आणि पत्र्यांनी त्यातला काही भरून काढला होता. दात सुधारला आणि पत्र्यांची घाई उघडी पडली. दोन चुका मिळून एक बरोबर होत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो, पण ते असे घण मारून कुणी ऐकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाची वेळ मोजली. त्याची रीत अशी. पंपाच्या डोक्यावरची नळी सोडायची. आतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवायची. त्यांना फडका लावायचा नाही, धाग्याचा एक तंतूही त्या जागी पुष्कळ होतो. वरचा नट परत बसवायचा, गव्हर्नरची पट्टी पूर्ण डिझेलच्या बाजूला धरायची, कॉक उघडायचा. डिझेल पंपाच्या डोक्यातून वाहू लागते. आता हवा दाबली जाण्याच्या फेरीत चाक फिरण्याच्या दिशेने अगदी सावकाश न्यायचे. एका क्षणी डिझेल वाहायचे थांबते. पंपातल्या प्लंजरने आतले भोक झाकले, म्हणजे चालत्या इंजिनात नेमक्या याच क्षणी फवाऱ्याची सुरुवात होणार. चाक तिथेच धरून काट्यासमोर खडूची रेघ मारायची आणि वरच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे.

आमचे अंतर भरले १२ सेंटिमीटर, म्हणजे ३० अंश. हवे होते २३ अंश, म्हणजे ९ सेंटिमीटर आणि वर २ मिलिमीटर. पत्रे वाढवले की पंप वर उचलला जातो, प्लंजर भोकापर्यंत उशिरा पोचतो, डिझेल उशिरा सुटते. पत्रे काढले की लवकर. डब्यातले दोन्ही पत्रे पुसून पुन्हा खाली घातले, पुन्हा मोजले. ९ सेंटिमीटरच्या किंचित वर. व्हॉल्व्ह, स्प्रिंग, नळी परत बसवली, एअर काढली. या वेळी हँडल पुतण्यानेच मागून घेतले. अंगठा कुठे ठेवायचा ते कुणी सांगावे लागले नाही.

इंजिन धरले. ठोका मऊ, धूर जवळजवळ नाही. नऊ वाजता व्हाळाचे पाणी वरच्या मळ्यात चढले. पहिली पाळी शेजारच्या घरची होती. ज्यांनी गाऱ्हाणे घालायला सांगितले होते त्यांचीच. पुतण्याने पाणी आधी त्यांच्याकडे सोडले.

वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. २३ अंश, २८ दात, १४४ सेंटिमीटर हे आमच्या इंजिनाचे आकडे. तुमच्या इंजिनाचे आकडे त्याच्या पुस्तकात किंवा पाटीवर असतील, तेच खरे. रीत मात्र सगळीकडे तीच. आणखी एक धोका सांगून ठेवतो. नोजल बाहेर काढून फवारा तपासताना हात कधीही समोर धरू नये. त्या फवाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोनशेपट आसपास असतो, तो कातडी भेदून आत जातो. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आतले मांस नासते. असे झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, तत्काळ रुग्णालय गाठा.

मोटारसायकलवाल्यांसाठी थोडक्यात. शंभर सीसीच्या गाड्यांत गिअरऐवजी टायमिंग चेन असते. मॅग्नेटच्या चाकावरची 'टी' खूण खाचेसमोर आणि वरच्या कॅम गिअरवरची खूण हेडवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. चेनचा टेन्शनर बसवताना चेन एखादा दात सरकते, म्हणून टेन्शनर बसवून झाल्यावर दोन फेरे हाताने फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. पेट्रोल इंजिनाची वेळ चुकली की किक मऊ लागते, कार्बोरेटरमधून शिंक येते किंवा सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो. तेव्हाही आधी कार्बोरेटर बदलू नका. उघडण्यापूर्वी तो चालत होता ना?

पाच दिवस इंजिन धरले नाही म्हणून पुतण्या खट्टू झाला होता. त्याला आम्ही रुडॉल्फ डिझेल यांची गोष्ट सांगितली. या इंजिनाला ज्यांचे नाव मिळाले त्या या जर्मन अभियंत्याचे पहिले यंत्र १८९३ साली स्वतःच्या बळावर धड चाललेच नाही. मनाजोगते इंजिन उभे राहायला १८९७ साल उजाडले. तेही मोठे धूड, डिझेल आत ढकलायला दाबलेली हवा लागे. बॉश कंपनीने १९२७ साली डिझेल पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि लहान इंजिनांचा मार्ग मोकळा झाला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. खुद्द शोध लावणाऱ्याला चार वर्षे लागली, तिथे पाच दिवसांनी काय हरायचे?

पण घरी उघडताना काही शिस्त पाळली तर हे पाच दिवसही वाचतात. उघडण्यापूर्वी इंजिन धुवा. गिअर उघडला की ठिपके शोधा. न दिसले तर पांढऱ्या रंगाने स्वतःचे ठिपके करा आणि मगच गिअर काढा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या. पंपाखालचे पत्रे मोजून दोऱ्यात ओवा आणि पंपालाच बांधून ठेवा. एक वही ठेवा, तारीख घाला, काय काढले, काय घातले, काय बदलले ते लिहा. एका वेळी एकच बदल करा आणि उपयोग झाला नाही तर तो बदल परत फिरवा. रस्त्याने जाणाऱ्याचा सल्ला ऐकला तर तोही वहीत लिहा. त्या दिवशी दोन पत्र्यांची एक ओळ वहीत असती, तर हँडलचा तो झटका खावा लागला नसता.

आपली मुले हाताने कामे करतात याची लाज वाटून घेऊ नका. वाटलेच तर वाईट याचे वाटू द्या की ती न लिहिता काम करतात. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, दहावी झालेल्यांना त्याला जाता येते, मुलींनाही जाता येते. रॉकरची अदलाबदल पहिल्यांदा जिने पकडली, ती पुतणी यंदा बारावीला आहे. निघताना तिने ती वही आम्हाला दाखवली. पहिल्या पानावर तारीख होती, इंजिनाचे तीन आकडे होते आणि खाली लिहिले होते, 'पंपाखाली पत्रे किती, ते कायम लिहिणे.'

वही तिच्याकडेच राहू दे, असे आम्ही बंधूंना सांगून आलो.